फोर्त्सेची हिवाळी शाळा

नेपाळमधल्या खुंबू खोऱ्यात सुमारे ३,८०० मीटर उंचीवर फोर्त्से हे शेर्पांचं गाव आहे. दगडी गडग्यांआड बटाट्याची शेतं, खाली खोल दरी, आणि एव्हरेस्टवर ओझी वाहिलेला कुणी ना कुणी इथल्या बहुतेक घरांत सापडतो. ऐन थंडीत मोहिमा थांबल्या की इथे एक शाळा भरते. विद्यार्थी मिळवते बाप्ये आणि आता बायकाही. शिकायचं काय, तर गिर्यारोहण!

शेर्पांना डोंगर काय शिकवायचा, असं कुणालाही वाटेल. पण विरळ हवेत टिकणारी छाती वेगळी आणि दोराचं तंत्र वेगळं. कित्येकांनी हे काम नुसतं बघून बघून उचललं होतं. परदेशी गिऱ्हाईक प्रशिक्षण घेऊन यायचं आणि त्याच्यासाठी दोर बांधणाऱ्याला मात्र कुणी काही शिकवलेलं नसायचं. मला ही गोष्ट फार लाजिरवाणी वाटते.

ही शाळा निघाली ती एका अपघातानंतर. ५ ऑक्टोबर १९९९ रोजी तिबेटमधल्या शिशापांग्मावर हिमस्खलनात अमेरिकन गिर्यारोहक अ‍ॅलेक्स लो आणि त्याचा सहकारी डेव्हिड ब्रिजेस गेले. सोबतचा कॉनराड अँकर वाचला. अ‍ॅलेक्सची पत्नी जेनिफर हिने नवऱ्याच्या नावाने धर्मादाय संस्था काढली. पुढे तिने आणि अँकरने लग्न केलं, आणि २००३ मध्ये त्या संस्थेतून खुंबू क्लाइंबिंग सेंटर, म्हणजेच ही शाळा, उभं राहिलं.

गोठलेला धबधबा हा इथला फळा. हातमोजे न काढता आठाची गाठ मारायची. पुढच्या दोरात कॅराबिनरची कडी अडकल्याची खात्री झाल्याशिवाय मागचा सोडायचा नाही. दोराचा आधार बर्फात नीट बसलाय का, हे वजन टाकण्याआधी तपासायचं. हिमभेगेत पडलेल्याला वर ओढायचं, प्रथमोपचार करायचे, कामापुरतं इंग्रजी बोलायचं. आता शिकवणाऱ्यांतही शेर्पाच आहेत.

अर्थात वरून हिमकडा कोसळला तर कुठलीही गाठ वाचवत नाही. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातात तेच झालं. १६ नेपाळी कामगार गेले. सरकारने प्रत्येक घराला सुरुवातीला ४०,००० नेपाळी रुपये जाहीर केले, तेव्हा शेर्पांचा संताप उसळला आणि एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या बाजूच्या मोहिमा गुंडाळाव्या लागल्या. अशा घरांसाठी डेव्ह मॉर्टन आणि मेलिसा आर्नट या अमेरिकन वाटाड्यांनी २०१२ मध्ये ज्युनिपर फंड सुरू केला होता. कर्ता माणूस गेलेल्या कुटुंबाला तो एकरकमी पैसे देऊन मोकळा होत नाही. पाच वर्षं, दर वर्षी मदत देतो, शिवाय काही कसब शिकायला किंवा छोटा धंदा उभारायला हात देतो. पोरं शाळेत टिकायची तर असंच हवं.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाने फोर्त्सेतल्या घरांच्याही भिंती पाडल्या. सेंटरच्या इमारतीचं काम तरीही पुढे गेलं; स्थानिक दगडाचीच, पण भूकंप सोसेल अशी ती बांधली.

पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची २०१२ ची एव्हरेस्ट मोहीम आठवा, किंवा त्यानंतर तिथे गेलेली आपल्याकडची मुलंमुली. हिमप्रपातातल्या ज्या शिड्यांवरून ती चालली, त्या खुंबूतल्याच माणसांनी आधी जाऊन बसवलेल्या होत्या.