हृदयाचा पडदा आणि कागदावरील अक्षरें

नांदेड-लातूरकडील सुशिक्षित घरांतून हल्लीं तपासणीचे कागद पोथ्यांसारखे जपून ठेवले जातात. ईसीजीच्या कागदावर यंत्रानें छापलेलीं ‘सेप्टल इन्फार्क्ट’, म्हणजे हृदयाच्या मधल्या पडद्याचा कांहीं भाग मृत झाला, हीं अक्षरें दिसलीं कीं घर हादरतें. उलट छातींत प्रत्यक्ष कळ आली, तर ‘पित्त असेल’ म्हणून ओवा-सुंठ पुढें केली जाते. आमच्या मतें येथें भय आणि स्वस्थता यांच्या जागा बदलल्या आहेत.

चरकसंहितेंत हृदयाची गणना तीन प्रमुख मर्मांत केली आहे. त्याच्या खालच्या दोन कप्प्यांमधील स्नायूची भिंत म्हणजे हा पडदा. त्याच्या पुढील सुमारें दोनतृतीयांश भागास डाव्या धमनीच्या पुढून उतरणाऱ्या फांट्याच्या शाखा रक्त पुरवितात. मागील भागास बहुधा उजवी धमनी. ठोक्यांचा विद्युत्संदेश वाहणारे तंतूहि याच भिंतींतून जातात. म्हणून येथें रक्त कमी पडलें, तर भिंत दुबळी होतेच, शिवाय हृदयाची लयहि बिघडूं शकते.

आतां कागदाचा विचार करूं. या भिंतीची खूण मुख्यतः व्ही-वन व व्ही-टू या दोन जोडण्यांवरून मिळते. त्या छातीच्या मधल्या हाडाच्या दोहों बाजूंस, चौथ्या बरगडीखालील फटींत लावावयाच्या असतात. त्या वर सरकल्या, तर निरोगी मनुष्याच्याहि आलेखांत जुन्या आघाताचा भास होतो. यंत्राचें वाक्य हा पूर्वपक्ष होय, सिद्धान्त नव्हे. त्रास कांहींच नसेल, तर आलेख पुन्हा काढवावा, जुन्याशीं ताडावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानें इको करून भिंत नीट हलते कीं नाहीं हें पाहावें.

परंतु छाती दडपणें, कळ हातांत वा जबड्यांत जाणें, थंड घाम, धाप हीं लक्षणें असतील, तेथें वादविवाद नको. मधुमेही व वृद्ध स्त्रिया यांच्यांत कळ नसूनहि नुसती धाप असूं शकते. 2014 पासून महाराष्ट्रांत चालू असलेली 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णास चालवूं नये. पहिला आलेख निर्दोष दिसला तरी घरीं परतूं नये. तो पुन्हा काढतात, आणि रक्तांतील ट्रोपोनिनहि कांहीं तासांनीं पुन्हा तपासतात. धमनी पूर्ण बंद झाल्यास दोन तासांच्या आंत ती फुग्यानें उघडणें शक्य असेल, तर तें श्रेष्ठ. एरव्हीं गुठळी विरघळविणारें औषध 12 तासांच्या आंत, जितकें लवकर तितकें बरें. नांदेडास 1988 पासून व लातुरास 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण देगलूर-उदगीरहून तेथवरच्या प्रवासांत मोलाचा वेळ जातो. म्हणून जवळच्या रुग्णालयांत प्रथम आलेख काढून घेणें हिताचें. पुढें तंबाखू कायमची सोडावी, रक्तदाब व साखर आटोक्यांत ठेवावी, आणि बरें वाटूं लागलें म्हणून औषधें मनानें बंद करूं नयेत.

एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांस विचारल्याशिवाय गाडी निघत नाहीं. या एका प्रसंगीं ती रीत सोडावी. जुने आलेख कोठें आहेत, फोन कोणीं करावयाचा, हें आजच ठरवून ठेवावें. घरांत त्या वेळीं एकट्या सूनबाई असल्या, तरी त्यांना कोणाच्याहि अनुज्ञेची वाट पाहावी लागूं नये.