कर्णनाद आणि आहार : उपवास करणाऱ्या भाविकांसाठी



बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात शिट्टी, घंटा किंवा रातकिड्यांची किरकिर ऐकू येणे, यास कर्णनाद म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 28 कर्णरोग सांगितले असून त्यांत कर्णनादाचा समावेश आहे व त्याचे मूळ वातप्रकोपात मानले आहे. आधुनिक वैद्यकानुसार हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. वाढते वय, दीर्घकाळ कानावर पडलेला मोठा आवाज, कानात साचलेला मळ व काही औषधे ही त्याची प्रमुख कारणे होत. आपल्या चांदनीशेजारी नेपानगरची कागद गिरणी आहे. अशा कारखान्यांत यंत्रांजवळ अनेक वर्षे काम केलेल्यांनी श्रवणचाचणी अवश्य करून घ्यावी.

काही साधक या आवाजास अनाहत नाद समजून आनंद मानतात व वैद्याकडे जात नाहीत. नादानुसंधान ही योगशास्त्रातील साधना आहे. परंतु झोप मोडणारा, ऐकणे कमी करणारा आवाज हा शरीराचा इशारा समजावा. तपासणी करून घेतल्याने साधनेत बाधा येत नाही.

आहाराचा संबंध किती?

कोणत्याही विशिष्ट पदार्थाने कर्णनाद बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. तथापि पुढील बाबींत आहाराचे महत्त्व आहे.

१. मीठ : मेनियर या विकारात चक्कर, कान भरल्यासारखा वाटणे व कर्णनाद एकत्र आढळतात. अशा रुग्णांस मीठ कमी करण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. रक्तदाब असणाऱ्यांसही मीठ कमी करणे हितावह आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याहून कमी मीठ घ्यावे. उपवासाचे सैंधव हेही मुख्यतः मीठच आहे, याचा अनेकांस विसर पडतो. फराळाचे वेफर्स, चिवडा व पापड यांतूनही बरेच मीठ पोटात जाते.

२. जीवनसत्त्व ब-12 व लोह : रक्तक्षय झाल्यास कानात नाडीच्या ठोक्याप्रमाणे आवाज येऊ शकतो. ब-12 वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. म्हणून शाकाहारी भाविकांनी दूध, दही, ताक नियमित घ्यावे. गोळ्या वा इंजेक्शन मात्र रक्ततपासणीनंतरच घ्यावे.

३. चहा-कॉफी : चहा सोडल्याने कर्णनाद थांबतो, यास पुरावा नाही. उलट रोजचा चहा उपवासाच्या दिवशी एकाएकी बंद केल्यास डोके दुखते व अस्वस्थता वाढते. सोडायचाच असल्यास हळूहळू कमी करावा.

४. निर्जळी उपवास : पाणी न घेतल्याने चक्कर व थकवा येतो आणि थकलेल्या शरीरास कानातील आवाज अधिक जाणवतो. वृद्धांनी, तसेच मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांनी वैद्याच्या सल्ल्याशिवाय निर्जळी उपवास करू नये व उपवासासाठी औषधे परस्पर बंद करू नयेत.

एखाद्या पदार्थाने त्रास वाढतो असे वाटल्यास दोन आठवडे आहार, झोप व आवाजाची तीव्रता वहीत लिहून ठेवावी. संशय एका दिवसावरून धरू नये व एकामागून एक पदार्थ सोडून शरीर क्षीण करू नये. कानात लसणाचे तेल, गोमूत्र किंवा कोणताही अर्क घालू नये. पडद्यास छिद्र असल्यास त्याने अपाय होतो.

त्वरित दाखवावे असे प्रसंग

एकाएकी ऐकू येणे कमी होणे, आवाज एकाच कानात येणे, तो नाडीच्या ठोक्याबरोबर येणे, कान वाहणे किंवा तीव्र चक्कर, यांपैकी काहीही आढळल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांस दाखवावे. अचानक बहिरेपण आल्यास त्याच दिवशी जावे, कारण उपचाराचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच अधिक होतो.

उत्सवात ध्वनिक्षेपकासमोर किंवा ढोल-ताशांच्या अगदी जवळ लहान मुलांस उभे करू नये. देवाचे नाम ऐकण्यासाठी लाभलेले कान जपणे, हीही सेवाच होय.

शुभं भवतु.