‘सैराट’चा शेवट आणि आमचे न मिटलेले भांडण

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याला बरीच वर्षे लोटली, तरी त्याच्या शेवटाशी असलेले आमचे भांडण काही मिटलेले नाही. परवा एक जोडपे आमच्या कार्यालयात आले. मुलगा इंदोऱ्याचा, बौद्ध. मुलगी खेड्यातल्या सवर्ण घरची. दोघेही सज्ञान, दोघेही कमावते. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायची होती. कागदपत्रांची चर्चा सुरू असताना सोबत आलेली मुलाची आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “माह्या पोराचं सैराट होऊ देऊ नका, वकीलसाहेब.”

चित्रपटाचे नाव खुनाचे नाव होऊन बसले ते असे. वृत्तपत्रांनीही ‘सैराटची पुनरावृत्ती’ हा मथळा इतक्यांदा छापला की त्यातली धग गेली.

तो शेवट खोटा होता, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ‘झिंगाट’वर नाचणारे चित्रपटगृह शेवटी चिडीचूप झाले, ते आम्ही नागपुरात डोळ्यांनी पाहिले आहे. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची चहा टाकते, आणि नंतर रक्तात पाय भरलेले ते लेकरू दाराबाहेर येते. पार्श्वसंगीत नाही, किंकाळी नाही. जॉर्ज ऑर्वेलने १९४९ साली प्रसिद्ध झालेली ‘१९८४’ लिहिताना माणूस चिरडणारे राज्य कल्पनेने उभे केले आणि शेवटी नायकाला हरवले. मंजुळे यांना कल्पना करण्याची गरज पडली नाही. सोनई २०१३ साली घडले होते, खर्डा २०१४ साली. खैरलांजी तर आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यातले, २००६ सालचे.

मग भांडण कशाचे? भांडण हे की प्रत्येक वेळी मरायचे ते आमच्याच बाजूच्या पोराने. प्रेक्षक हळहळतात, तिकीटबारीवर शंभर कोटींचा आकडा केव्हाच ओलांडला जातो, आणि गावचा पाटील मुलीला सांगतो, “पाहिलं ना, काय होतं ते?” जातिव्यवस्थेविरुद्ध काढलेला चित्रपट जातीचीच पहारेदारी करू लागतो. दिग्दर्शकाचा यात दोष किती, हा प्रश्न आहे. आमच्या मते फारसा नाही. पण त्या आईच्या डोळ्यांतील भीती आम्ही पाहिली आहे, आणि ती भीती कुणाच्या कामी येते हेही आम्हाला ठाऊक आहे.

शेवट बदलला असता तर? तोही प्रयोग झाला. २०१८ च्या हिंदी ‘धडक’मध्ये नवरा आणि बाळ मारले जातात, मुलगी वाचते. जात तर पटकथेतून जवळजवळ पुसूनच टाकली. तो शेवट पाहिल्यावर मात्र आम्ही मंजुळेंच्या बाजूने उभे राहिलो. मारणारा का मारतो, हेच सांगायचे नसेल तर रडवायचे कशाला?

आमची खरी तक्रार वकिलाची आहे. कॅमेरा जिथे थांबतो तिथून आमचे काम सुरू होते. फिर्याद कोण देणार, त्या लेकराचा ताबा कुणाकडे, शेजारीण साक्षीला उभी राहील काय? खर्डा प्रकरणात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. तो शेवट ‘सैराट’च्या शेवटापेक्षा भयंकर आहे, आणि त्यावर कुणी रडले नाही. अॅट्रॉसिटी कायद्यात साक्षीदारांच्या हक्कांचे कलम १५-अ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. २०१८ साली शक्ती वाहिनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांना संरक्षण देण्याचे आदेश दिले. ही माहिती आमच्या किती तरुणांना आहे? ‘सैराट’ची गाणी मात्र सगळ्यांना पाठ.

मंजुळे स्वतः पुढे गेले, हेही नोंदवले पाहिजे. ‘फँड्री’तल्या जब्याने दगड भिरकावला, आणि २०२२ च्या ‘झुंड’मध्ये आमच्या नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरे विमानात बसली. ‘झुंड’ला ‘सैराट’सारखी गर्दी झाली नाही. आमची पोरे जिंकलेली पाहायला लोकांना तितकीशी गोडी नसावी, असा संशय आम्हाला येतो. (आमच्यापैकीही कितीजण गेले होते, कोण जाणे.)

जातिनिर्मूलनाचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवले. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत माईसाहेबांशी झालेला त्यांचा स्वतःचा विवाहही नोंदणी पद्धतीचा होता. त्या आईला आम्ही हेच सांगितले. ती ऐकत होती, पण पटले असे दिसले नाही. तिने विचारले, नोटीस फलकावर किती दिवस राहते? आम्ही म्हणालो, तीस दिवस. ती म्हणाली, “तीस दिवस लय होतात.”

त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. संरक्षणासाठीचा अर्ज आम्ही त्याच दुपारी तयार केला, पोरीने सही केली. नोटीस सोमवारी लागली आहे.