वॉर्मरशेजारी आईची खाट

वऱ्हाडातले बायकांचे दोन मोठे सरकारी दवाखाने लोकांच्या तोंडी अजून व्हाइसरॉयांच्या बायकांच्या नावानेच आहेत. अमरावतीचं जिल्हा स्त्री रुग्णालय म्हणजे डफरीन आणि अकोल्याचं म्हणजे लेडी हार्डिंग. हिंदुस्थानातल्या बायकांना बाई डॉक्टर मिळावी म्हणून लेडी डफरीन यांच्या पुढाकाराने १८८५ मध्ये निधी उभा राहिला. बाईने पुरुष डॉक्टरसमोर जायचं कसं, हा तेव्हाचा प्रश्न होता. आज अशा दवाखान्यांतल्या एका दारापाशी प्रश्न वेगळाच आहे: आईने आपल्याच बाळाजवळ जायचं कसं?

ते दार एसएनसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष काळजी कक्षाचं. बाहेर पायताणांची रास, भिंतीला टेकलेली आजी, हातात रिपोर्टची प्लास्टिकची थैली घेतलेला बाप. गावाकडून फोन आला की आजी सांगते, "लेकरू काचीत ठेवलं हाये." दाराच्या वरच्या चौकोनातून दिसेल तेवढंच बाळ, आणि सिस्टर बाहेर आल्या की एकच प्रश्न: "आज वजन कितीक भरलं?"

पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाच्या जिल्हा रुग्णालयात २००३ मध्ये असा कक्ष उभा राहिला आणि पुढे देशभर त्याचा कित्ता गिरवला गेला. २०११ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्याच वर्षी १ जूनला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचा उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत झाली. प्रसूतिगृहात नवजात शिशु कोपरा, तालुक्याच्या पातळीवर स्थिरीकरण कक्ष आणि जिल्ह्याला एसएनसीयू अशी ही उतरंड आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये देशात हजार जिवंत जन्मांमागे २० बाळं पहिल्या २८ दिवसांत दगावत होती, महाराष्ट्रात ११. हा आकडा खाली येण्यात या कक्षांचाही हात आहे.

यंत्रं काय करतात

आत शिरल्यावर पहिली दिसते ती रेडियंट वॉर्मरची रांग. चारही बाजूंनी पारदर्शक कठडे, वरून उष्णता देणारी कांडी. बाळाच्या पोटावर एक बारीक प्रोब चिकटवलेला असतो. कातडीचं तापमान ३६.५ अंशांच्या खाली गेलं की कांडी तापते, वर गेलं की निवते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे बाळाला गारठ्याची कसली भीती, असं वाटणं साहजिक आहे. पण बाराशे ग्रॅमच्या बाळाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते आणि वजनाच्या मानाने कातडीचा पसारा मोठा असतो. ओलं अंग, पंख्याचा झोत, उघडं डोकं एवढंही त्याला पुरतं. गार पडलेलं बाळ आधी दूध ओढायचं सोडतं, मग सुस्तावतं, मग श्वास मंदावतो.

काही बाळांच्या नाकाला दोन आखूड नळ्या आणि त्यांची दुसरी बाजू पाण्याच्या बाटलीत बुडवलेली असते. हा बबल सीपॅप. नळी पाण्यात पाच सेंटिमीटर बुडाली की पाच सेंटिमीटर पाण्याइतका दाब बाळाच्या फुफ्फुसांत टिकतो आणि श्वास सोडताना ती मिटून जात नाहीत. बाटलीतले बुडबुडे चालू आहेत तोवर दाब पोचतो आहे. हे एकदा समजावून सांगितलं की शाळा अर्ध्यात सोडलेली आईसुद्धा मॉनिटरच्या आकड्यांआधी बाटलीकडे बघायला लागते.

शेजारी निळ्या दिव्याखाली डोळ्यांना पट्टी बांधलेलं काविळीचं बाळ. पायाला लालसर उजेडाचा ऑक्सिमीटर. ऑक्सिजनवर असलेल्या कमी दिवसांच्या बाळाची पातळी साधारण ९० ते ९५ टक्क्यांत ठेवतात. जास्त ऑक्सिजनने डोळ्यांच्या पडद्यावरच्या कोवळ्या रक्तवाहिन्या बिघडतात. म्हणून दोन किलोंच्या आतल्या किंवा ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासून घ्यावेच लागतात. घरी गेल्यावर ही तारीख विसरली जाते, आणि ती चुकली तर बाळाची नजर कायमची जाऊ शकते.

प्रत्येक बाळाच्या पायाला पट्टी असते आणि पट्टीवर नाव आईचं: 'बेबी ऑफ' अमुक. जुळी असली तर पुढे एक, दोन. पाचवी कक्षातच निघून जाते, बारसं पुढे ढकललं जातं, आणि घरचे नाव ठेवेपर्यंत त्या खोलीत बाळाची ओळख म्हणजे आई. एवढं असूनही आईला बराच काळ दाराबाहेर ठेवलं गेलं, जंतुसंसर्गाच्या भीतीने.

दाराच्या आत

ही भीती खोटी नव्हती, तिचा निष्कर्ष चुकला होता. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी तो दुरुस्त केला. बाटल्या आणि डब्याचं दूध बंद करून आईचं दूध आणि आईचा हात त्यांनी कक्षात आणला. १९८९ मध्ये तिथेच आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. त्याच्या अकरा वर्षं आधी, १९७८ मध्ये, कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी इनक्युबेटर अपुरे पडतात म्हणून बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली होती. गरजेपोटी निघालेली ती वाट पुढे कांगारू मदर केअर म्हणून जगभर गेली.

दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आणखी एक पाऊल पुढे पडलं. तिथे आई-बापांना शिकवून कक्षात बाळाची रोजची निगा त्यांच्या हाती दिली. संसर्ग वाढला नाही आणि आईच्या दुधावर घरी जाणारी बाळं वाढली. या अनुभवावर २०१७ मध्ये कुटुंब-सहभागी काळजीची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं निघाली. त्यातले धडे चार: कक्षात शिरायची रीत आणि हात धुणं; बाळाला पुसणं, कूस बदलणं, दूध पाजणं; कांगारू काळजी; आणि घरी न्यायची तयारी.

पहिला धडा सगळ्यात सोपा वाटतो आणि तिथेच पाय अडखळतो. कोपरापर्यंत हाताला काही नको: घड्याळ नको, अंगठी नको, दोरा नको, बांगड्या नकोत. बाळंतिणीने हातातल्या हिरव्या बांगड्या उतरवायच्या, तेही लेकरू अत्यवस्थ असताना! आजी कळवळते. "वं माय, असं अपशकुनी काऊन करता?" तिथे नियमावर बोट ठेवून भागत नाही. बांगड्यांच्या फटीत मळ आणि जंतू कसे राहतात ते दाखवावं लागतं, आणि बाहेर आल्यावर बांगड्या पुन्हा घाला म्हणावं लागतं. चांगली सिस्टर ओळखू येते ती अशा वेळी.

दुसरा धडा दुधाचा. चौतीस आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ बसवता येत नाही. दूध मग नाकातोंडातून घातलेल्या नळीने जातं, पुढे वाटी-चमच्याने किंवा आजीच्या ओळखीच्या बोंडल्याने. ते दूध आईने दिवसाला आठ-दहा वेळा, रात्रीसुद्धा, हाताने पिळून काढायचं. पहिल्या दिवशी वाटीच्या बुडाला दोन-चार थेंब पिवळा चीक येतो आणि बाई रडकुंडीला येते: एवढ्यात काय होणार? हिशेब मांडून दाखवला की धीर येतो. बाराशे ग्रॅमच्या बाळाला किलोमागे ८० मिली धरले तरी दिवसाचे ९६ मिली, दर दोन तासांनी ८ मिली. सुरुवात तर त्याहूनही थोड्याने होते. जुन्या बायका चीक जड पडतो म्हणून टाकून द्यायला सांगतात. कक्षात तोच थेंब-थेंब जपला जातो, कारण या बाळांच्या कोवळ्या आतड्यांना त्याच्याइतकी राखण दुसऱ्या कशाची नाही.

तिसरा धडा कांगारूचा. बाळाच्या अंगावर टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच. आईच्या उघड्या छातीवर ते उभं, हातपाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला आणि किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी. वरून कापडाने घट्ट बांधायचं. एका बैठकीला किमान एक तास, कारण वारंवार काढ-घाल केली तर बाळ दमतं. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांत एक मोठी चाचणी घेतली. भारतातलं ठिकाण दिल्लीचं सफदरजंग. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू काळजी सुरू केली, तर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. निकाल इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी संघटनेने आपली शिफारस बदलली.

आईला ताप असेल, सिझेरियनचे टाके दुखत असतील, तर बाप किंवा आजीही हे करू शकते. बापाला पहिल्यांदा संकोच वाटतो. शर्टाची बटणं काढून बायकांच्या दवाखान्यात बसायचं कसं? पण एकदा बाळ छातीला लागलं की तोच पुढच्या पाळीची वेळ विचारतो.

मेळघाटातून आलेलं बाळ

डफरीनसारख्या कक्षाची खरी परीक्षा धारणी-चिखलदऱ्याकडून आलेल्या बाळाच्या वेळी होते. धारणी अमरावतीपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये जंगल आणि घाट. बाळंतपण तिकडे, बाळ रुग्णवाहिकेतून इकडे. कित्येकदा सोबत बाप आणि एखादी म्हातारी. आई दोन-तीन दिवस तिकडेच. ज्या दिवसांत तिचं दूध आणि अंगाची ऊब सगळ्यात गरजेची, त्याच दिवसांत ती बाळापासून तुटते. आली तरी कोरकू बोलणाऱ्या बाईला मराठीतलं समजावणं अर्धंच कळतं. तिच्यासोबतच्या माणसाची मजुरी बुडते, घरी दुसरी लेकरं असतात, आणि आठवड्याभरात "घरी नेतो" अशी भाषा सुरू होते. गावातला भुमका, म्हणजे पारंपरिक वैदू, हाकेच्या अंतरावर आणि घरचा असतो. हा दवाखाना लांबचा आणि परका.

घराला उपचाराचा भाग मानलं तर काय होतं, हे विदर्भानेच जगाला दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढे देशभरातल्या आशाताईंच्या घरभेटी त्यावर बेतल्या गेल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी त्या सहा वेळा येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. मेळघाटात धारणीजवळच्या उतावलीत डॉ. आशीष सातव यांची 'महान' ही संस्था याच दिशेने काम करते आहे.

आई-बापांनी काय करावं

वजनाचा प्रश्न रोज विचारायचाच, पण त्याचा अर्थही समजून घ्यायचा. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन उतरतं, दिवस कमी असतील तर दहा ते पंधरा टक्क्यांपर्यंत. तो उपचाराचा दोष नव्हे. दोन आठवड्यांच्या सुमारास ते जन्माच्या वजनावर येतं आणि मग किलोमागे दिवसाला पंधरा-वीस ग्रॅमने चढतं. आज किती मिली दूध पचलं, श्वास थांबला होता का, ऑक्सिजन वाढवला की कमी केला, माझी कांगारूची पाळी केव्हा, डोळ्यांची तपासणी कोणत्या तारखेला: एवढे पाच प्रश्न विचारणारा बाप डॉक्टरांना अडचण वाटू नये. घरी गेल्यावर बाळ थंड पडलं, दूध ओढेना, छाती आत खेचली जाऊ लागली किंवा निळसर दिसलं, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन.

आई-बापांच्या भीतीला वऱ्हाड-विदर्भात आणखी एक पदर आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या अशाच कक्षात आग लागून दहा बाळं गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये अमरावतीच्या डफरीनच्या नवजात कक्षातही आग लागली आणि बाळांना घाईने बाहेर काढून इतरत्र हलवावं लागलं. "रातच्याले आत कोन असते?" असं बाहेरची आजी विचारते तेव्हा तो अडाणीपणा नसतो. त्या प्रश्नाला इमारतीच्या तपासणीचं, वायरिंगचं आणि सिस्टरांच्या संख्येचं उत्तर द्यावं लागतं. आणि आई आत असणं हेही त्या उत्तराचा एक भाग आहे.

म्हणून आता आई आणि बाळ एकाच कक्षात ठेवण्याची, म्हणजे एमएनसीयूची कल्पना सरकारी धोरणात आली आहे. सफदरजंगच्या चाचणीत जमलं ते यामुळेच: वॉर्मरला लागून आईची खाट होती आणि प्रसूतितज्ज्ञ तिला तिथेच येऊन तपासत. आपल्याकडे कक्षाचं उद्घाटन झालं की बातमीत वॉर्मर किती, व्हेंटिलेटर किती हे येतं. आयांच्या खाटा किती, कांगारूसाठी पाठ टेकायच्या खुर्च्या किती, दूध काढायला आडोसा आहे का, धारणीहून आलेल्या बापाने रात्री झोपायचं कुठे, कोरकू बोलणारं कोणी आहे का, हे त्यात नसतं. पुढच्या उद्घाटनाला पालकमंत्री आले की पत्रकारांनी हे आकडेही विचारावेत. यंत्रांची खरेदी एका निविदेत होते. बाळाच्या आईला मात्र आपण अजून दाराबाहेरची नातेवाईक समजतो, आणि ते बदलायला निविदा काढावी लागत नाही.