खाज, साखर आणि ताट

सकाळी साडेपाच

आषाढ लागला की जळगावच्या पिंप्राळ्यात पहाटेपासूनच उकडायला लागतं. रात्री पाऊस पडून गेला तरी घाम काही थांबत नाही. उठले की मी आधी परात घेते. कळण्याचं पीठ चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे उडीद घालून, मीठ टाकूनच दळून आणलेलं असतं. उडदाच्या सालांचे काळपट ठिपके पिठात दिसतात. कोमट पाण्यात ते तळव्याने चांगलं रगडलं की भाकरी थापताना कडा फाटत नाहीत. भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वाटीभर दही असा डबा भरला की माझी सकाळ मोकळी होते.

मी आहारतज्ज्ञ आहे. मधुमेह असलेल्या माणसांचं खाणंपिणं बसवून देणं हे माझं मुख्य काम. पण पावसाळ्यात येणाऱ्या बायकांची एक तक्रार हमखास ठरलेली असते. वजन, गुडघे, चहा सगळं बोलून झाल्यावर, पर्स खांद्याला लावून उठता उठता त्या हळूच सांगतात, ‘ताई, अंगावरून पांढरं जातं. खाज सुटते.’ इथे सांगते आहे त्या बायका-पुरुषांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. दुखणी मात्र खरी आहेत.

सकाळी सात

बाजारात गिलके, दोडके, कारली चांगली आलीत. कटुर्ले महाग आहेत, तरी पावशेर घेतलेच. भाजीवाल्या मावशी ओल्या गोणपाटावर बसलेल्या. पाय पुढे केले तर बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटलेल्या होत्या. चिखल्या. बुरशीला ओल आणि ऊब मिळाली की ती अशी माजते. पाय कोरडे ठेवा म्हणणं सोपं आहे, पण चार महिने पाण्यात बसून पोट भरणाऱ्या बाईने ते करायचं कसं? दुपारी घरी गेल्यावर पाय धुऊन, बेचक्या सुती फडक्याने टिपून तासभर तरी उघडे ठेवा, आणि सरकारी दवाखान्यात दाखवून बुरशीचं मलम घ्या, एवढं सांगितलं. मेडिकलमधून आणलेली ‘खाजेची ट्यूब’ त्यांनी पिशवीतून काढून दाखवली. तीत स्टेरॉइड होतं. अशा ट्यूबने दोन दिवस बरं वाटतं आणि मग बुरशी दुप्पट पसरते. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी ती अजून साबणासारखी सहज मिळतात, याचा मला मनापासून राग येतो.

सकाळी साडेनऊ

पहिल्याच पेशंट पंचेचाळिशीच्या. सोबत सून होती, तिला त्यांनी बाहेरच बसवलं. हातात मोबाइल, त्यात कुणी तरी पाठवलेली यादी. शरीरात यीस्ट वाढलं आहे, म्हणून इडली, ढोकळा, दही, ताक, पाव, फळं, शेंगदाणे सगळं बंद. महिनाभर त्या भाजी आणि लिंबूपाण्यावर काढत होत्या.

‘फरक पडला का?’

‘काय सांगू माय. रातभर डोळ्याले डोळा नाही. आग होते नुसती.’

आग कशाने होते ते विचारल्यावर बराच वेळ गेला. शेजारणीच्या सांगण्यावरून लसणाची पाकळी आत ठेवली होती. मग व्हिनेगरच्या पाण्याने धुतलं. कातडी सोलवटली होती, म्हणून आता खाजेपेक्षा आग जास्त.

ही बुरशी काय आहे ते मी प्रत्येकीला बसवून सांगते, कारण कळलं की भीती निम्मी होते. तिचं नाव कॅन्डिडा. ती बाहेरून आलेली चोर नाही, अनेक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात, योनीत थोड्या प्रमाणात असते. तिथले लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिला मर्यादेत ठेवतात. अँटिबायोटिकने ते चांगले जंतू मेले, गरोदरपणात संप्रेरकं बदलली, स्टेरॉइड चालू असलं किंवा रक्तातली साखर चढली की ती मर्यादा सुटते. मग दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव, खाज, लघवीला आग. दर चार बायकांतल्या तिघींना आयुष्यात एकदा तरी हे होतं. यात चारित्र्याचा काही संबंध नाही, हेही मी दर वेळी मुद्दाम सांगते.

इडलीच्या पिठातल्या किण्वनाशी या बुरशीचं काही देणंघेणं नाही. पावातलं यीस्ट भट्टीत मरतं, आणि ते वेगळ्याच जातीचं असतं. ढोकळा बंद करून योनीतली कॅन्डिडा उपाशी मरत नाही. जेवणातली साखर थेट तिथे जाऊन बसते असंही नाही. पण मधुमेह हाताबाहेर असेल तर लघवीतून साखर जाते, तिथल्या ओलसर त्वचेला बुरशीसाठी खुराक मिळतो आणि बुरशीशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंद पडतात. आहाराचा संबंध आहे तो या वाटेने, आणि तो फार मोठा आहे.

मी त्यांची बोटाची साखर बघितली. अडीचशेच्या वर! मधुमेह आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. महिनाभर त्या यीस्ट शोधत होत्या आणि चहा मात्र दिवसाला चार कप, कपात दोन चमचे साखर. आठ चमचे म्हणजे साधारण 35 ते 40 ग्रॅम साखर, नुसत्या चहातून.

मी दोन गोष्टी लिहून दिल्या. पहिली, आजच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन तपासून घ्या, कारण पांढरं जाणं दर वेळी बुरशीचंच असतं असं नाही. वास येत असेल, रंग पिवळा-हिरवा असेल, ओटीपोटात दुखत असेल तर कारण वेगळं आणि औषधही वेगळं. दुसरी, उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी तपासणी. ताटाचं बोलू ते ही दोन्ही कामं झाल्यावर.

सकाळी साडेअकरा

दोन पेशंटच्या मध्ये थोडी उसंत मिळाली. मोबाइलमधली ही यादी येते कुठून, ते इथे सांगायला हवं. 1983 मध्ये अमेरिकेत ‘द यीस्ट कनेक्शन’ नावाचं पुस्तक आलं. विल्यम क्रुक या डॉक्टरचं. थकवा, डोकेदुखी, उदासी, पोटफुगी, सगळ्याचं मूळ शरीरभर पसरलेली कॅन्डिडा, आणि उपाय म्हणजे साखर व यीस्ट बंद, असा त्याचा सूर. पुस्तक प्रचंड खपलं. 1990 मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अशा तक्रारी असलेल्या 42 बायकांवर नीट प्रयोग केला. निस्टॅटिन हे बुरशीचं औषध आणि नुसती औषध नसलेली गोळी, आलटून पालटून. योनीतली लक्षणं औषधाने कमी झाली. थकवा आणि उदासी दोन्हीकडे सारखीच उतरली. आता चाळीस वर्षांनी तीच यादी मराठीत होऊन आमच्या गल्लीत आली आहे आणि आधीच रक्त कमी असलेल्या बायका दही-शेंगदाणे सोडून बसताहेत. थकवा असेल तर हिमोग्लोबिन बघा, थायरॉइड बघा, झोप बघा.

दुपारी एक

जेवण. कटुर्ल्याची भाजी छान झाली होती.

दुपारी तीन

बचत गटाची बैठक. आषाढी एकादशी तोंडावर आलेली, पिंप्राळ्याचा रथ निघायचा, घरोघरी पाहुणे. विषय उपवासाचा होता. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिनं नावालाच. सकाळी खिचडी, दुपारी बटाट्याचा कीस, संध्याकाळी वडे, वर जळगावची पिकलेली दोन केळी. एका मध्यम केळ्यातच 25 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे मधुमेहाच्या माणसाला फार महागात पडतं. मी म्हटलं, केळं सोडू नका, आपल्या मातीचं फळ आहे. अर्धं खा, आणि शेंगदाण्यांसोबत खा. साबुदाण्याऐवजी भगर, तीही बेताने, सोबत दाण्याची आमटी आणि दही. राजगिऱ्याची भाकरी उत्तम. इन्सुलिन किंवा साखरेची गोळी चालू असेल तर उपवास डॉक्टरला विचारूनच करायचा, पोटात काही नसताना साखर खूप उतरली तर जिवावर बेततं.

मग मी त्यांना दोरीकडे बघायला सांगितलं. ज्या घरात बसलो होतो तिथल्याच पडवीतली दोरी. साड्या, शर्ट, टॉवेल बाहेरच्या बाजूला, आणि बायकांच्या आतल्या चड्ड्या आत, ओल्या टॉवेलच्या खाली झाकलेल्या. हात लावून बघितलं, गार आणि ओलसर. पावसाळ्यात त्या दोन दिवस तशाच राहतात आणि दमटच अंगावर चढतात. खोलीभर हसू फुटलं, मग एकदम सगळ्या गप्प झाल्या, कारण प्रत्येकीच्या घरी तेच. पुरुषांची बनियनं उन्हात आणि आपली चड्डी अंधारात, हे कुणी ठरवलं? उन्हात वाळवा. ऊन नसेल तर पूर्ण वाळेपर्यंत इस्त्री फिरवा. सुती वापरा, सैल वापरा, रात्री घालूच नका. ती जागा धुताना नुसतं पाणी पुरे. सुगंधी साबण, डेटॉल, सोडा काही लागत नाही.

एकीने विचारलं, मग कडुनिंबाचं पाणी? त्रिफळ्याचा काढा? तुरटी? खोबरेल तेल? ही नावं मला परकी नाहीत, माझ्या आजीच्या फडताळात हे सगळं होतं, आणि त्यांना उडवून लावणं मला पटत नाही. कडुनिंबाच्या गार पाण्याने बाहेरून धुतलं तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं. खोबरेल तेल प्रयोगशाळेत कॅन्डिडाला रोखतं हे दिसलेलं आहे, पण काचेच्या बशीतली बुरशी आणि अंगातली बुरशी यांत फरक आहे. म्हणून माझा नियम सरळ आहे. बाहेरून, सौम्य, आणि डॉक्टरचं औषध चालू ठेवून. आत काही म्हणजे काही घालायचं नाही. दही नाही, मध नाही, लसूण नाही. दही खायचं. त्याने पोट आणि हाडं सुधारतील, पण झालेली लागण दह्याने जाईल अशी आशा धरून औषध लांबवायचं नाही.

भांडी घासायला जाणाऱ्या एकीने हात पुढे केले. नखांच्या मुळाशी लाल सूज, नख पिवळं. महिनोन्‌महिने चालणाऱ्या अशा नखुरड्यात कॅन्डिडा बऱ्याचदा सापडते, आणि मूळ कारण सतत पाण्यात राहणारे हात. रबरी मोज्यांच्या आत सुती मोजे घालायचे. ते मालकिणीने द्यायला हवेत. बाई मागायला लाजते, म्हणून मीच इथे लिहिते आहे.

संध्याकाळी साडेसहा

किराणा दुकानदार, साठीकडे झुकलेले. साखर आटोक्यात येते आहे, खूश होते. मी मुद्दाम विचारलं, ‘दादा, लघवीच्या जागी खाज, लाली?’ त्यांनी मान खाली घातली. चार महिन्यांपासून! बायकोलाही होतं आहे, पण दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. त्यांच्या औषधांत डापाग्लिफ्लोझिन होतं. मधुमेहाला चांगलं औषध आहे, हृदयाला आणि किडनीलाही राखतं, पण ते जादाची साखर लघवीतून बाहेर काढतं, म्हणून त्या जागी बुरशी होऊ शकते. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. डॉक्टरला सांगायचं, लघवीनंतर पाण्याने धुऊन टिपून कोरडं करायचं, आणि नवरा-बायको दोघांनी दाखवायचं. पुरुषांनाही कॅन्डिडा होते हे किती जणांना कधीच कुणी सांगितलेलं नसतं.

रात्री साडेआठ

सकाळच्या ताईंचा फोन. स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासलं, बुरशीच निघाली. योनीत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या मिळाल्या आहेत, व्हिनेगर कायमचं बंद. वर्षात तीन-चारदा परत आली तर काही महिने आठवड्याची गोळी घ्यावी लागेल, हेही तिथे सांगितलं. साखरेसाठी रक्त दिलं आहे. मग मला विचारतात, ‘ताई, आता खाऊ काय?’

आता ताटाचं सांगता येईल. चहा दोन कप, बिनसाखरेचा, जमत नसेल तर महिनाभरात चमचा चमचा उतरवत. सकाळी कळण्याची भाकरी आणि दही. दुपारी ज्वारीची भाकरी, गिलक्याची किंवा दोडक्याची भाजी, मटकीची उसळ, काकडी, ताक. रात्री तेच, थोडं कमी, आणि आठच्या आत. शेवभाजी महिन्यातून एकदा. गूळ ही साखरच आहे. इडली खा, ढोकळा खा, पण ताटभर नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, गल्लीतल्या गल्लीत चालेल.

हे वाचणाऱ्या बहिणींना आणि भावांना माझं एवढंच सांगणं. खाज आठवडाभर राहिली, गेली आणि परत आली, तर यादी मागवू नका, ट्यूब आणू नका. आधी दाखवा आणि त्याच दिवशी साखर तपासून घ्या. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे, त्वचाविभागही आहे. केसपेपर काढा आणि ही तक्रार पहिल्यांदा सांगा, उठता उठता नको.