सूर्यावरील वादळ आणि रेडिओ दुर्बीण

पाऊस, वारा आणि थंडी शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. परंतु उपग्रहाच्या आधारे चालणारी यंत्रे शेतात आल्यापासून अवकाशातील हवामानाचीही दखल घ्यावी लागत आहे. १० व ११ मे २०२४ रोजी पृथ्वीवर मोठे सौर वादळ आदळले. अमेरिकेत तेव्हा मक्याची पेरणी चालू होती. उपग्रहाच्या संदेशावर चालणारे ट्रॅक्टर ओळ सोडू लागल्याने ऐन हंगामात अनेकांना पेरणी थांबवावी लागली.

वादळ येते कसे?

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहतो. त्याचा वेग सेकंदाला साधारण ३०० ते ८०० कि.मी. असतो. सूर्यावर उद्रेक झाल्यास अशा कणांचा प्रचंड लोट बाहेर पडतो व १५ कोटी कि.मी. अंतर तोडून १ ते ४ दिवसांत पृथ्वीपर्यंत येतो. त्यामुळे वातावरणाच्या वरच्या थरात खळबळ होऊन उपग्रहाचे संदेश बिघडतात व यंत्राला जागा चुकीची कळते.

दुर्बीण काय करते?

उन्हाळ्यात तापलेल्या रानापलीकडचे झाड हलल्यासारखे दिसते. झाड स्थिर असते, हलते ती मधली हवा. त्याचप्रमाणे दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी सौरवाऱ्यातून येताना लुकलुकतात. त्यावरून वाऱ्याचा वेग व दाटपणा काढता येतो आणि लोट वाटेत असतानाच ओळखता येतो. रेडिओ लहरींना ढगांचा अडथळा नसल्याने हे काम दिवसा व पावसाळ्यातही चालते.

तमिळनाडूत उटी येथे १९७० मध्ये उभारलेली ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद दुर्बीण हे काम करीत आली आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती बांधली गेली. जुन्नर तालुक्यातील खोडदची ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीणही त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) सौर वादळाचा इशारा असेल त्या दिवशी ड्रोन फवारणी किंवा उपग्रहाधारित मोजणी शक्यतो पुढे ढकलावी.
२) मोजणी झालीच असल्यास हद्दीचे दगड रोवण्यापूर्वी ती पुन्हा तपासून घ्यावी.
३) ट्रॅक्टर ओळ सोडू लागल्यास पेरणी हाताने सुकाणू धरून करावी.
४) अशा वादळाने उभ्या पिकाला थेट इजा होत नाही. अफवांवर विश्वास ठेवून फवारणी अगर काढणीची घाई करू नये. पावसासाठी हवामान खात्याचाच अंदाज पाहावा.