पोरांचं रॅप आणि गावाचं दुखणं

खरिपाच्या तोंडावर ईटला बैठक होती. पारावर सोयाबीनच्या उगवण चाचणीची माहिती सांगत होतो. मागं तीन-चार पोरं मोबाइलवर ताल धरून बसलेली. एक म्हातारबाबा त्यांच्यावर खेकसले. मी त्यातल्या एकाला पुढं बोलावलं. म्हटलं, "काय चाललंय ते मोठ्यानं म्हण." पोरगं लाजलं, मग माझंच भाषण तालात म्हणालं :

"शंभर दाणे, ओलं पोतं, कोंब मोज किती,
सत्तर आले तर पेर गड्या, मनात नको भीती."

अर्ध्या तासाचं माझं काम दोन ओळींत झालं.

याला रॅप म्हणतात. हिप-हॉपचा तो एक भाग. डीजे म्हटलं की आपल्याला वरातीतला छाती हादरवणारा आवाज आठवतो. मूळ गोष्ट वेगळी आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात गरिबी, बेकारी आणि पोरांच्या टोळ्या होत्या. डिसेंबर १९७१ मध्ये भांडण मिटवायला गेलेला एक तरुण मारला गेला. त्याच्या टोळीनं सूड न घेता बाकीच्यांना बैठकीला बोलावलं आणि तह केला. पुढं ११ ऑगस्ट १९७३ ला तिथंच कूल हर्क या तरुणानं बहिणीच्या कार्यक्रमात तबकड्या वाजवल्या. बहिणीला शाळेसाठी कपडे घ्यायला पैसे उभे करायचे होते. हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात.

मुंबईत धारावीच्या मुलांसाठी २०१५ साली 'धारावी ड्रीम प्रोजेक्ट'नं हिप-हॉपची मोफत शाळा काढली. आणि आपल्याला तरी हे कुठं नवं आहे? शेजारच्या बार्शीचे अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. डफावर लोकांचं दुःख मांडलं. पोरांच्या हातात आता मोबाइल आहे, एवढाच फरक.

बैठक संपल्यावर ते पोरगं जवळ आलं. "साहेब, दुसरी एक वही आहे. ती पारावर म्हणता येत नाही." वहीत नापिकी होती, सावकार होता आणि रात्रभर जागणारा बाप होता. आपल्या जिल्ह्यात हे नवं नाही. आत्महत्यांमुळेच २०१५ मध्ये बळीराजा चेतना अभियान यवतमाळसोबत आपल्या जिल्ह्यात सुरू झालं. घरात जे बोललं जात नाही, ते पोरगं वहीत लिहितं. ते ऐकणारं कुणी तरी पाहिजे.

म्हणून सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि गुरुजींना विनंती. आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेची खोली या पोरापोरींना द्या. नियम तीनच : शिवी नको, जात नको, कुणाचं नाव घेऊन टोचणं नको. ग्रामसभेत त्यांना पाच मिनिटं द्या. पीक विमा, बीजप्रक्रिया, पाणी, दारू, कशावरही म्हणू द्या. प्रश्न झोंबला तरी ऐकून घ्या.

गाणं म्हणजे औषध नव्हे. कुणी फारच खचलेलं दिसलं, तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तो लावून द्या, सोबत बसा.

बियाणं पेरण्याआधी आपण तपासतो. पोरांच्या मनात काय उगवतंय, तेही एकदा बघू.